आडनाव बंदरावर बदललं नाही
जर्मन पूर्वजांचा शोध घेणाऱ्यांना असं सांगितलं जातं की १८५०च्या दशकात अमेरिकेत आलेल्या जर्मन कुटुंबांची आडनावं एलिस बेटावरच्या, म्हणजे न्यूयॉर्क बंदरातल्या स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रातल्या, कारकुनांनी बदलली. हे अजिबात पटत नाही. एलिस बेट सुरूच झालं १८९२ साली! त्याआधी न्यूयॉर्कला कॅसल गार्डन हे स्थलांतरितांचं केंद्र होतं, तेही १८५५पासून. शिवाय प्रवाशांच्या नावांची यादी जहाजाचा कप्तान देत असे, बंदरावरचे कारकून नव्हे.

पियानोवाल्या स्टाइनवेंचंच बघा ना. हाइनरिश स्टाइनवेग १८५० साली जर्मनीतल्या झेझेनहून बायकामुलांसह न्यूयॉर्कला आले. थोरला मुलगा थिओडोर मात्र मागेच राहिला, तो आला १८६५मध्ये. १८५३ला कंपनी ‘स्टाइनवे’ नावानं निघाली आणि घराण्याचं आडनाव कायद्यानं बदललं ते थेट १८६४मध्ये. बदल त्यांचा त्यांनीच केला. त्यामुळे तुमच्या घराण्याच्या आडनावाचीही मूळ जर्मन आणि बदललेलं अशी दोन्ही रूपं शोधा, अमेरिकेतल्या कोर्टाच्या कागदांतसुद्धा.

आणखी एक, अमेरिकेच्या १८६०च्या जनगणनेत जन्मस्थान नुसतं ‘जर्मनी’ न लिहिता प्रशिया, बाडेन, बव्हेरिया असं तेव्हाच्या जर्मन राज्याचं नाव बरेचदा सापडतं. ती नोंद फार मोलाची, गावच्या चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वह्यांपर्यंत पोचायचा रस्ता तिथूनच सुरू होतो. कुटुंब हाम्बुर्ग बंदरातून निघालं असेल तर नशीबच म्हणायचं, तिथल्या १८५०पासूनच्या प्रवाशांच्या याद्या टिकल्यात आणि त्यात मूळ गावही असतं. ब्रेमेन बंदराच्या याद्या मात्र बहुतेक सगळ्या नष्ट झाल्या.