उत्तर: बगॅसची वाटी का पाझरते

बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या लगद्याची वाटी गरम रश्शाने पाझरते म्हणून जाडी वाढवा, असा सल्ला इथे एकाने दिलाय. जाडीने पाझर उशिरा सुरू होतो, थांबत नाही. आधी पिथ बघा. चिपाडातला हा भुसकट गाभा जवळपास तिसरा हिस्सा असतो. तो स्पंजासारखा पाणी धरतो, लगदा निथळू देत नाही. मग व्हॅक्यूम लावूनही साच्यावरचा थर ओलाच राहतो आणि १५०-१८० अंशांच्या गरम दाबात वाफ कोंडून फोड येतात, तिथूनच रस्सा पाझरतो. वाटी उजेडासमोर धरा: ढगाळ डाग दिसले तर लगदा एकसारखा पसरलेला नाही. पिथ शिजवण्याआधीच काढायचा. तो बॉयलरला जळण म्हणून जातोच, वाया काही जात नाही.

पाणी अडवण्यासाठी लगद्यात एकेडी हे रसायन घालत असाल तर लगद्याचा पीएच ७ ते ८.५ ठेवा. सवयीने तुरटी टाकून पीएच खाली आणला की एकेडी धड धरत नाही, आणि दोष मात्र पुरवठादाराला! उरलं तेल. एकेडी तर्री अडवत नाही. त्यासाठी पूर्वी सर्रास पीएफएएस ही तेल अडवणारी फ्लोरिनयुक्त रसायनं वापरत. अमेरिकेत अन्नाच्या कागदी वेष्टनासाठी त्यांची विक्री थांबल्याचं तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) २०२४ मध्ये जाहीर केलं. निर्यात करायची असेल तर ग्राहक पीएफएएस नसल्याचा चाचणी अहवाल मागणारच.