मदत हवी आहे: वेल्श स्तोत्राची चाल आणि घड्याळाची टिकटिक विंड बँडमध्ये जुळत नाही

कार्डिफमधल्या हौशी विंड बँडसाठी (फुंकवाद्यं आणि तालवाद्यांचा वाद्यवृंद) सहा मिनिटांची रचना लिहितोय. विषय काळ, आणि आधाराला 'एबेनेझर' ही वेल्श हिमची (hymn, चर्चमधलं स्तोत्र) चाल. थॉमस जॉन विल्यम्स (१८६९–१९४४) यांची. बाटलीतून किनाऱ्याला लागली अशी दंतकथा असलेली, म्हणून 'टोन-ई-बॉटेल'ही म्हणतात. कॉपीराइटच्या हक्कांचा प्रश्न नाही.

अडचण लयीची आहे. वुडब्लॉकवर (काठीने वाजवायचा लाकडी ठोकळा) टिकटिक मिनिटाला १२० चालते, चाल ६० च्या ठोक्यावर. पण चालीत ट्रिप्लेट (एका ठोक्यात तीन समान स्वर) जागोजागी आहेत. म्हणजे तबल्याच्या भाषेत दुगुन आणि तिगुन एकाच वेळी. तालमीत दुसऱ्या ओळीलाच तिसरी क्लॅरिनेट वुडब्लॉकच्या मागे गेली आणि ट्रिप्लेटचे सरळ दोन स्वर झाले. घड्याळ जिंकलं, चाल हरली!

आतापर्यंत केलेलं: सगळं १२/८ मध्ये (प्रत्येक ठोक्याचे तीन भाग) लिहिलं. क्लॅरिनेट सुधारल्या, पण तालवाद्यवाल्याला टिकटिक वाचता येईना. टिकटिक ६० वर आणली, तर घड्याळ न वाटता नुसता मेट्रोनोम वाटतो. वुडब्लॉकचा आवाज कमी केला, तर ट्रम्पेट आल्यावर ऐकूच येत नाही.

वादक ३४, तालवाद्यांना दोघेच, बॅसून एक, डबल बास नाही. वेग बदलायची तयारी आहे, ट्रिप्लेट काढायची नाही. ती काढली तर चालीत उरतं काय?

तर ४/४ मध्येच (साधे चार ठोके) राहून टिकटिक कुठल्या वाद्याकडे द्यावी, की चाल सुरू असताना ती थांबवून ओळींमधल्या श्वासाच्या जागीच ऐकवावी?