मदत हवी आहे: लेकीला फुलदाणी दिसते, चेहरे दिसत नाहीत

एडगर रुबिन या डॅनिश मानसशास्त्रज्ञाचं १९१५ मधलं ते प्रसिद्ध चित्र परवा लेकीला दाखवलं. मधे पांढरी फुलदाणी, दोन्ही बाजूंना समोरासमोर काळे चेहरे. तिला फुलदाणीच दिसते! कडेची रेघ एका वेळी एकाच आकाराची वाटते, उरलेला भाग मागे सरकतो, हे समजावलं. पण समजणं वेगळं, दिसणं वेगळं. तळहाताने अर्धं चित्र झाकलं तेव्हा तिने बोट टेकवलं, "हे नाक?" हात काढला की चेहरा गायब. रडवेली झाली बिचारी.

दिवाळीत अजिंठ्याला जातोय. पहिल्या लेण्यातल्या खांबावर चार हरणांना मिळून एकच डोकं कोरलंय, ते तिला आपणहून उमगावं असं फार वाटतं. मुलांची नजर अशी पालटायला तुम्ही काय करता? रंग उलटे करून किंवा कागद कापून कुणी पाहिलंय का?