बदल केलात, त्याची किंमत काय मोजलीत?

सातबावन्न फास्ट

माळा आवरताना २०१९ची डायरी सापडली. पहिल्याच पानावर अकरा संकल्प, नंबर घालून. पहाटे फिरायला जाणे, साखर बंद, रोज दहा पानं वाचणे, आईला एक दिवसाआड फोन. अकरापैकी एकही टिकला नाही. जो टिकला तो बदल त्या यादीत नव्हताच, आणि मी तो ठरवूनही केलेला नव्हता.

मी डोंबिवलीला राहते, ऑफिस फोर्टात. सीएसएमटीपर्यंत ४८ किलोमीटर, २१ वर्षं. पावणेपाचला उठून चार डबे: नवऱ्याचा, दोन मुलांचे, माझा. सासूबाईंचं वेगळं, त्यांना कांदा-लसूण चालत नाही. एका जुलैत पाणी भरलं आणि गाडी कुर्ला-सायनच्या मध्ये उभी राहिली. तीन तास. बायका डबे उघडून एकमेकींना देऊ लागल्या, तेव्हा मीही पिशवीत हात घातला. डबा नव्हता. तिघांचे डबे हातात दिले होते, माझा ओट्यावरच राहिला होता. समोरच्या बाईंनी मेथीचा अर्धा पराठा दिला. तो खाताना रडू वगैरे आलं नाही, राग आला. कोणाचा, ते आजही सांगता येणार नाही.

त्या रात्री सांगून टाकलं, उद्यापासून मी एकच डबा करणार, माझा. नवऱ्याला वाटलं, दोन दिवसांचं आहे. पहिला आठवडा मुलांनी वडापाववर काढला. दुसऱ्या आठवड्यात नवरा मोबाइलवर व्हिडिओ लावून ओट्याशी उभा राहिला. हिंग कुठंय, हळद किती, मोहरी तडतडली हे कसं कळतं. सांगायला जीभ नुसती शिवशिवायची. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहायचे. आता भाजी तोच करतो, आणि भेंडी तर माझ्याहून बरी करतो. पोळ्यांना मावशी लावल्या.

किंमत म्हणाल तर सासूबाई दोन महिने माझ्याशी कामापुरतंच बोलत होत्या. मावशींचे पैसे. आणि एक राज्य गेलं. मिसळणाचा डबा त्याने त्याच्या सोयीने लावलाय, मला माझ्याच घरात जिरं सापडत नाही.

तर तुमचं लिहा. बदल काय केला हे सगळेच हौसेने सांगतात. त्यापायी काय गेलं तेही सांगा. फसलेले बदल तर आवर्जून.

डाळिंबवाला

सांगोला तालुका. चार एकर भगवा डाळिंब होतं, वडलांनी लावलेलं. डाळिंबानं घर बांधून दिलं, बहिणीचं लग्न करून दिलं, हे आधी सांगतो, नाहीतर झाडाला शिव्या घातल्यासारखं होईल.

मग तेल्या आला. फळावर तेलकट डाग पडतो, काळा होतो, फळ तडकतं. पावसाळी हवेत तर रात्रीत पसरतो. आम्ही मृग बहार सोडून हस्त धरायला लागलो, म्हणजे फळ वाढायच्या वेळेला आभाळ कोरडं असावं. दोन वर्षं जमलं. पण परतीचा पाऊस काय आपल्याला विचारून येतो? ढग आले की फवारणी, पाऊस उघडला की परत फवारणी. रात्री दोनला उठून मोबाइलवर हवामान बघायचो. मुलगी जवळ यायची नाही, म्हणायची बाबांच्या अंगाला औषधाचा वास येतो. डॉक्टरनं बीपीची गोळी लावली तेव्हा माझं वय ३८. तेल्यातून वाचली ती झाडं मर रोगानं जायला लागली, तेव्हा ठरवलं.

अडीच एकर काढली. जेसीबीवाल्याला एक दिवस पुरला. झाड मुळासकट वर यायचं आणि त्याच्याबरोबर ठिबकची नळीपण ताणून वर यायची. ती सोडवायला मी मध्ये जात होतो. दिवसभरात तेवढंच काम मला जमलं. वडील त्या दिवशी सकाळीच देवाला जातो म्हणून पंढरपूरला गेले, ते मुक्कामाला राहिले.

तिथं आता सीताफळ आहे, आमच्याच सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शी तालुक्यात निघालेलं एनएमके गोल्डन. पहिली तीन वर्षं काही मिळालं नाही, मधल्या पट्ट्यात उडीद, हरभरा घेतला, सोसायटीचं कर्ज दरवर्षी नवं-जुनं करत राहिलो. सीताफळ म्हणजे लावलं आणि सुटलो असं नाही. पिठ्या ढेकूण येतो. तोडलेलं फळ थांबत नाही, तीन-चार दिवसांत मऊ पडतं, आणि हे व्यापाऱ्याला आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. पैसा डाळिंबाच्या चांगल्या वर्षाएवढा होत नाही, कबूल. पण डाळिंबाची चांगली वर्षं किती आली, ते मी वहीत मोजलंय. रात्री झोपतो. बीपीची गोळी चालूच आहे, ती काय झाडाबरोबर निघाली नाही.

दीड एकर डाळिंब ठेवलंय. वडील आहेत तोवर राहील.

चहाबाज

वाचतोय. ती नळीची ओळ डोक्यातून जाईना.

बुधवारचा बाबा

नेदरलँड्समधल्या ॲमस्टलवीनहून लिहितोय. इथे सहा महिने नोकरी झाली की कामाचे तास कमी करून मागता येतात. २०१६चा कायदा आहे. दोन महिने आधी लेखी अर्ज द्यायचा. नाही म्हणायचं तर कंपनीला धंद्याचं तसंच सबळ कारण दाखवावं लागतं. अगदी छोट्या कंपन्यांना सूट आहे. मी आठवड्याचे ४० तासांचे ३२ केले. बुधवार घरी, मुलासोबत. अशा दिवसाला इथे चक्क नाव आहे, पापादाख, म्हणजे बाबाचा दिवस.

सांगलीला आईला फोनवर सांगितलं, तर पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाली, "नोकरी गेली असेल तर सरळ सांग रे, आम्ही आहोत." बाबांनी फोन घेऊन पगार किती कमी झाला ते विचारलं. पाचवा हिस्सा. पेन्शनही त्याच हिशोबाने, सुट्ट्याही. टीम लीडची जागा निघाली तेव्हा मला कोणी विचारलं नाही. बुधवारमुळे असं कोणी म्हणालं नाही, म्हणणारही नाही.

पहिले चार बुधवार मी मुलाला पोहायच्या क्लासला सोडून तिथल्या कँटीनमध्ये लॅपटॉप उघडून बसलो होतो. चौथ्या वेळी एका सहकाऱ्याने माझ्या ईमेलला एका ओळीत उत्तर दिलं: आज तुझा पापादाख ना? लाज वाटली. झाकण लावलं आणि काचेतून बघू लागलो. इथे मुलांना पोहण्याचा पहिला डिप्लोमा मिळवायला अंगभर कपड्यांत, बुटांसकट पोहून दाखवावं लागतं. कालव्यांचा देश, माणूस पडतो तो पोहायचा पोशाख घालून पडत नाही. माझा मुलगा ओल्या पँटच्या वजनाने खाली जात होता आणि परत वर येत होता. त्या अर्ध्या तासात ऑफिसात काय झालं ते मला माहीत नाही.

परतलेला

फसलेले आवर्जून मागितलेत म्हणून लिहितो.

हिंजवडीतली नऊ वर्षांची नोकरी सोडून गुहागरकडच्या घरी होमस्टे काढला. निरोप समारंभात मी भाषणही केलं होतं, मातीशी नातं वगैरे. ते कोणीतरी रेकॉर्ड केलंय, अजून ग्रुपवर फिरतं. माझ्या ग्रॅच्युइटीचा हिशोब सोपा होता: शेवटचा मूळ पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. माझ्या नऊ वर्षांचे दोन संडास-बाथरूम झाले, टाइल्ससकट.

एप्रिल-मेमध्ये जागा पुरत नव्हती. जून ते सप्टेंबर कुत्रं फिरकलं नाही. वानरांनी कौलं फोडली. समुद्रापासून दहा मिनिटांवर, पानात ताजी सुरमई, आणि पाहुणे विचारणार पनीर आहे का. ठेवलं पनीर. नेट गेलं की पाहुणे निघून जायचे. मी शहरातल्या ज्या गोष्टींना कंटाळून पळालो होतो त्या सगळ्या घेऊन लोक माझ्याकडे राहायला येत होते. शनिवार-रविवार तर मला उरलाच नाही. शेवटी १४ महिन्यांनी कुलूप लावलं आणि आधीपेक्षा कमी पगारावर दुसऱ्या कंपनीत लागलो.

काय टिकलं? मासे साफ करता येतात. आणि आता शनिवारी ऑफिसचा फोन उचलत नाही. पूर्वी हिंमत नव्हती. शनिवारी राबणं म्हणजे काय ते एकदा स्वतःच्या धंद्यात बघितल्यावर दुसऱ्याच्या धंद्यासाठी ते करवेना.

मुक्कामी गाडी

मला एवढं छान लिहिता येत नाही. आमचं गाव तालुक्यापासून २६ किलोमीटर. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. त्याआधी मी तालुक्याला वर्षातून पाच-सहा वेळा जायची, दवाखाना नाहीतर लग्नाचा बस्ता. माझी मैत्रीण तिथं एका टेलरिंगच्या दुकानात होती, ती म्हणाली पिको-फॉलला बाई पाहिजे. आधीच्या तिकिटात जाऊन-येऊन निम्मी मजुरी गाडीतच गेली असती. आता परवडत होतं.

गावात मुक्कामी गाडी असते, ती सकाळी ६:४० ला निघते. कंडक्टर आमच्याच वाडीतल्या शाळेत झोपतो. गाडी चुकली तर पुढची साडेदहाला, म्हणजे दिवस गेला. पहिल्या दिवशी मी सवयीनं सगळे पैसे पुढे केले, त्यानं निम्मे परत दिले. ते पैसे मी वेगळ्या डबीत ठेवले. मग रोजच ठेवायला लागले, येतानाचेपण.

डबीत साठलं त्यातून मुक्त विद्यापीठाचा बीएचा फॉर्म भरला. मी बारावी झालेली, लग्नाआधी. अभ्यासकेंद्र तालुक्याच्या कॉलेजात, रविवारी. पैसे थोडे कमी पडत होते ते सासूनं दिले, म्हणाली कुणाला सांगू नको.

किंमत विचारली म्हणून सांगते. तीन शेळ्या होत्या, त्या विकाव्या लागल्या, दिवसभर बघणार कोण. त्यातली एक गाभण होती. तिला न्यायला टेम्पो आला तेव्हा मी मुद्दाम गाडीत बसले होते.

पहिल्या वर्षी इतिहासात राहिले. परत दिला.

लेखापाल

छोटं आहे. शुगर २०१७ला निघाली. दर वेळी तपासणीच्या आधी आठवडाभर गोड बंद करायचो. एचबीएवनसी ही तपासणी साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी दाखवते, ती आठवड्याने फसत नाही. मी फसवून पाहिलंय, तीनदा. शेवटी बदल असा केला की रात्री जेवल्याबरोबर ताट घासायचं आणि चप्पल घालायची. एकदा हात ओले करून घराबाहेर पडलं की परत येऊन श्रीखंडाचा डबा उघडवत नाही. का, ते माहीत नाही. ९.१ वरून ६.९. गोळ्या चालू आहेतच, त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणी बंद करू नका.

किंमत: रात्री साडेआठची मालिका. बायको बघते आणि मला मुद्दाम गोष्ट सांगत नाही.

आहेर नको

मी लग्नांना जाणं बंद केलं. आत्याच्या नातवाच्या लग्नापासून सुरुवात केली, त्यामुळे पुढचं सोपं गेलं. आता मला कोणी बोलवत नाही. हाच फायदा आणि हीच किंमत.

उंबरठा

सातबावन्नताई, तुमचं वाचून बरं वाटलं, पण एक खुपलं. नवऱ्याने ओटा धरला ते खरंच कौतुकाचं. पोळ्या मात्र दुसऱ्या बाईकडेच गेल्या ना? तुम्ही पावणेपाचला उठायच्या थांबलात. तुमच्या मावशी किती वाजता उठतात? भांडायचं म्हणून विचारत नाही. माझी आई अशीच पाच घरच्या पोळ्या करायची, म्हणून विचारते.

सातबावन्न फास्ट

उंबरठा, तुमचं वाचल्यावर दोन दिवस काही लिहिलं नाही. विचारलंच नव्हतं मी कधी. सहा वर्षं येतात.

आज विचारलं. कणीक मळत होत्या. साडेतीन, म्हणाल्या. स्वतःच्या घरचं पाणी साडेतीनला येतं, ते भरून, मुलाचा डबा करून इथे साडेपाचला. म्हटलं, आमच्याकडे उशिरा आलात तरी चालेल, साडेसहाला या, मी ऑफिसची वेळ पुढे मागून बघते. त्यांनी हातातली पोळी उलटली, कडेने दाबली, फुगू दिली, आणि मग म्हणाल्या, "ताई, साडेसहाला दुसरं घर आहे."