फ्रिजला नळजोडणी: आधी पाण्याचा दाब तपासावा

सर्वांत वरच्या मजल्यावरील फ्लॅटमध्ये बर्फयंत्र असलेल्या फ्रिजला भिंतीवरील आरओमधून नळी द्यावी का, या प्रश्नावर बहुतेकांनी नळीच्या दर्जाबद्दल लिहिले आहे. परंतु माझ्या मते खरी अडचण दाबाची आहे. फ्रिजच्या माहितीपुस्तिकांत साधारणपणे किमान २० ते ३० पीएसआय (दाब मोजण्याचे एकक) दाब मागितलेला असतो. गच्चीवरील टाकीतून १० मीटर उंचीमागे सुमारे १ बार, म्हणजे १४ पीएसआय दाब मिळतो. त्यामुळे टाकीच्या जेमतेम ३-४ मीटर खाली असलेल्या स्वयंपाकघरात तो ५ पीएसआयच्या आसपासच राहतो. आपल्याकडील भिंतीवरच्या आरओच्या टाकीतील पाणी तर केवळ उतारानेच तोटीतून येते. दाब अपुरा असल्यास बर्फाचे खडे लहान आणि पोकळ होतात, आणि (हे अनेकांच्या लक्षात येत नाही) फ्रिजमधील विद्युत झडप बंद राहण्यासाठीही पाण्याच्याच दाबाचा आधार घेत असल्याने ती नीट न मिटता ठिबकत राहू शकते.

म्हणून आरओनंतर दाब-स्विच असलेला (दाब घटताच आपोआप सुरू होणारा) छोटा पंप बसवावा. पाव इंची नळीला स्वतंत्र, हाताशी येणारा कॉक द्यावा. पाइपाला भोक पाडून बसवायची चिमटा-झडप मात्र कृपया टाळावी, कारण ती कालांतराने गळते. फ्रिज पुढे ओढता येईल इतकी नळी मागे मोकळी ठेवावी आणि पहिल्या काही खेपांचा बर्फ टाकून द्यावा.