मदत हवी आहे: दिवाणी प्रक्रियेतली मुंबई हायकोर्टाची दुरुस्ती गोव्यात कशी लागू होते?

वकिलांच्या ऑफिसात काम करतो. दावे सावंतवाडी आणि म्हापसा, दोन्हीकडचे. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ च्या पहिल्या अनुसूचीतल्या नियमांत हायकोर्ट कलम १२२ खाली बदल करू शकतं, हे माहीत आहे. आधी मसुदा प्रसिद्ध होतो, कलम १२३ ची नियम समिती (तीन न्यायमूर्ती, दोन वकील, एक कनिष्ठ न्यायाधीश) अहवाल देते, मग राजपत्र. इथवर ठीक.

घोडं अडलंय ते कलम १२६ वर. ज्या कोर्टाच्या कामकाजाचा नियम, ते कोर्ट ज्या राज्यात, त्या राज्य सरकारची पूर्वमंजुरी हवी, असं ते म्हणतं. कलम १२७ मात्र म्हणतं, राजपत्रात आल्यावर नियम हायकोर्टाच्या सबंध हद्दीत लागू. गोवा तर त्याच हद्दीत!

बेअर अ‍ॅक्टच्या (टीकेशिवाय नुसती कलमं छापलेल्या पुस्तकाच्या) तळटिपेत नुसतं ‘मुंबई, १-१०-१९८३ पासून’ एवढंच छापलेलं असतं. मंजुरी कुणाची, पत्ता नाही. बारच्या लायब्ररीतली टीकाग्रंथांची बाडं चाळली, गोव्याच्या राजपत्राचे ऑनलाइन अंकही पाहिले. जुने अंक सापडत नाहीत.

२००२ च्या दुरुस्तीशी विसंगत असलेले हायकोर्टांचे जुने बदल रद्द झाले, ते ठाऊक आहे; तो मुद्दा नको. कमर्शियल दावाही नाही, साधा मनाईचा आहे. ‘चालतं हो तिकडे’ असं उत्तर नको, अर्जात आधार दाखवायचाय.

तर गोव्यासाठी गोवा सरकारची वेगळी मंजुरी आणि गोव्याच्या राजपत्रात वेगळी अधिसूचना लागते का? लागत असेल तर १९८३ च्या दुरुस्त्यांची ती अधिसूचना कुठे मिळेल?