तीन बँड, जाहिरातीत २२० एमबीपीएस: हाती खरोखर किती यायला हवेत?

शंकासुर:
मोबाइल कंपनीने आमच्या भागात तीन बँडवरचं (वारंवारतेच्या पट्ट्यांवरचं) वेगवान फोरजी सुरू केलंय: ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झ. जाहिरातीत वेग '२२० एमबीपीएसपर्यंत'. पहाटे सहाला गच्चीवर ७०-७५ मिळतात, रात्री नऊला घरात १२ ते १८. फोन कायम एकच बँड दाखवतो, तोही बहुतेकदा ८५०. बाकीचे दोन नुसते नावालाच आहेत का? आणि अपेक्षा किती धरावी?

लहरीराजा:
२२० हा आकडा थाप नाही, बेरीज आहे. ६४ क्वाम मॉड्युलेशन (लहरीवर डेटा चढवायची दाट पद्धत) आणि दोन अँटेना धरल्या तर एलटीईच्या, म्हणजे फोरजीच्या, २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या वाहिनीतून जास्तीत जास्त १५० एमबीपीएस निघतात. म्हणजे १० मेगाहर्ट्झला ७५, ५ ला ३७. २३०० चा पट्टा टीडीडी असतो, एकाच वाहिनीत डाउनलोड-अपलोड आळीपाळीने चालतं, म्हणून तिथे २० मेगाहर्ट्झ असूनही डाउनलोडला ११० च्या आसपासच येतात. आता ८५० वर ५, १८०० वर १० आणि २३०० वर २० मेगाहर्ट्झ रुंदी धरा: ३७ + ७५ + ११० = २२२. तुमच्या कंपनीचा हिशेब बहुधा हाच असावा.

ही बेरीज जशीच्या तशी हाती येण्यासाठी सेक्टरमध्ये (टॉवरच्या एका बाजूच्या भागात) तुम्ही एकटे हवेत, सिग्नल ठणठणीत हवा आणि तिन्ही बँड एकत्र चालवणारा फोन हवा. तिन्ही गोष्टी एकदम जुळणं दुर्मीळच.

एकच बँड दिसतो म्हणून घाबरू नका. फोन निवांत असताना एकाच बँडवर टेकलेला असतो. डेटा जोरात वाहू लागला की नेटवर्क जोडीला दुसरे बँड देतं आणि काम संपलं की काढून घेतं. मोठी फाइल उतरवायला लावा आणि ती चालू असतानाच बँड बघा.

डेसिबल_दादा:
त्यात भर. घरात ८५० का, तर वारंवारता जितकी कमी तितका सिग्नल भिंतीतून जास्त आत येतो. अगदी मोकळ्या जागेतसुद्धा २३०० चा सिग्नल ८५० पेक्षा साधारण साडेआठ डेसिबलने कमी पोचतो, म्हणजे जवळपास एक सप्तमांश. मध्ये काँक्रीट आलं की फरक आणखी वाढतो.

अँड्रॉइडवर डायलरमध्ये *#*#४६३६#*#* टाका (काही फोनांत हा कोड बंद असतो, मग एखादं सिग्नल दाखवणारं ॲप). आरएसआरपी (टॉवरच्या सिग्नलची ताकद) −९० डीबीएम किंवा त्याहून चांगला असेल तर उत्तम, −१०० ला चालतंय, −११० च्या खाली रडगाणं. त्याच्याइतकाच महत्त्वाचा एसआयएनआर (गोंगाट-अडथळ्याच्या तुलनेत सिग्नल किती वर आहे): २० च्या वर झकास, ० च्या आसपास गेला की टॉवर ६४ क्वाम सोडून क्यूपीएसके या साध्या पण संथ मॉड्युलेशनवर उतरतो. म्हणजे एका सिंबॉलमागे (लहरीच्या एका ठोक्यामागे) ६ ऐवजी २ बिट, शिवाय चुका दुरुस्त करायला जादा बिट लागतात ते वेगळेच. कांड्या पुऱ्या असूनही वेग पडतो तो यामुळे.

लहरीराजा:
सगळं सिग्नलवर ढकलू नका. पहाटे आणि रात्र यांतला फरक गर्दीचा आहे. ११० एमबीपीएसच्या वाहिनीवर दहा जण एकदम व्हिडिओ बघायला बसले की प्रत्येकी ११. तेही सगळे टॉवरजवळ असतील तर! क्यूपीएसकेवर अडकलेला दूरचा माणूस तेवढाच डेटा घ्यायला निदान तिप्पट वेळ खातो आणि तो वेळ सगळ्यांच्या वाट्यातून जातो. ८५० ची गंमत तर अशी की ते लांब पोचतं, म्हणून गिऱ्हाईकं जास्त, आणि रुंदी मात्र ५ मेगाहर्ट्झ. घरात नेमकं तेच हाती लागतं.

त्यामुळे अपेक्षा: गर्दीच्या वेळी घरात १० ते २०, बाहेर ३० ते ५०, पहाटे मोकळ्यावर ७० ते १००. एचडी व्हिडिओला ५ पुरतात, तेव्हा १५ ला फारसं अडत नाही.

शंकासुर:
फाइल उतरवताना पाहिलं. खिडकीत −९४, एसआयएनआर १७. आतल्या खोलीत −११३ आणि २. खिडकीत ८५० सोबत १८०० जोडलेला दिसतो, २३०० कधीच नाही. फोनच्या माहितीपत्रकात २३०० आहे. बँड लॉक करून बघू?

डेसिबल_दादा:
लॉक नको. बऱ्याच फोनांत लॉक केलं की बाकीचे बँड नेटवर्कला कळवलेच जात नाहीत, मग जोडणीच बंद. शिवाय घरात २३०० चा सिग्नल पडला की फोन चाचपडत बसतो.

माहितीपत्रकात बँड असणं वेगळं आणि तो दुसऱ्याशी जोडता येणं वेगळं. ८५० आणि १८०० हे एफडीडी (डाउनलोड-अपलोडला वेगवेगळ्या वाहिन्या), २३०० टीडीडी. या दोन जातींची जोडणी एलटीईच्या मानकात रिलीज १२ या आवृत्तीपासून आली. फोनमधल्या जुन्या किंवा स्वस्त मोडेमना (नेटवर्कशी बोलणाऱ्या चिपना) ती जमत नाही. तुमच्या मॉडेलच्या 'बँड कॉम्बिनेशन' यादीत ३ आणि ४० एकत्र आहेत का ते शोधा (१८०० म्हणजे बँड ३, २३०० म्हणजे ४०). नसतील तर तुमच्यासाठी कमाल ३७ + ७५ = ११२. पहाटेचे ७५ मग वाईट नाहीतच.

आतल्या खोलीत अपलोडही मोजा. फोनची ताकद जेमतेम २०० मिलिवॉट, टॉवरची कित्येक पटींनी जास्त. −११३ ला टॉवरचं फोनला ऐकू येतं, फोनचं टॉवरला धड पोचत नाही. डाउनलोडच्या पोचपावत्याच अडकल्या की डाउनलोडही रखडतो.

खुंटीवरचा_राउटर:
फोन खिडकीत ठेवून हॉटस्पॉट लावा, ५ गिगाहर्ट्झवर, २.४ वर शेजाऱ्यांच्या वायफायची खिचडी असते. आणि वेगचाचणी जपून. ७० एमबीपीएसवर दहा सेकंदांचं नुसतं डाउनलोड म्हणजे ७०० मेगाबिट, भागिले ८, जवळजवळ ८८ एमबी. दिवसातून दहादा मोजलंत तर पॅकमधला पाऊण जीबीपेक्षा जास्त डेटा मोजण्यातच संपेल.